भूपालअण्णा बुधवारी का आले नाहीत

मी कोल्हापूरला देवीच्या दर्शनाला जाऊन आले, असं वर्ध्यात आमच्या कॉलनीत सगळ्यांना वाटतं. मी तसं सांगूनच निघाले होते आणि दर्शनही घेतलं, त्यामुळे अगदीच खोटं बोलले असं नाही. पण मी गेले होते ती एका माणसाला दवाखान्यात परत आणायला. तो माणूस माझ्या नात्यातला नाही, गावचा नाही. आम्हा दोघांच्या पायांत एकच विषाणू टोचलेला होता, एवढीच आमची ओळख.

तीन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या तळपायावर एक काळा डाग उठला. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, उभं राहून पाय दुखण्याची सवय, म्हणून दुर्लक्ष केलं. तो त्वचेचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, करंगळी गेली. वर्षभरानं पोटरीवर एकामागून एक सहा गाठी आल्या. मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात एका नव्या औषधाची चाचणी चालू होती, तिथे माझं नाव लागलं.

ते औषध म्हणजे एक जिवंत विषाणू. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला बारीक फोड उठतात ना, त्याच जातीचा. प्रयोगशाळेत त्याच्यातला आजार करणारा भाग काढून टाकतात आणि शरीराच्या संरक्षक पेशींना बोलावून आणील असा एक तुकडा त्याच्यात घालतात. मग तो थेट गाठीत टोचायचा. तो कर्करोगाच्या पेशीत शिरून वाढतो, तिला फोडतो, आणि शरीराला त्या रोगाची ओळख पटते. निदान पटावी अशी आशा असते. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाई, हे सगळ्यांना लागू पडत नाही. तुम्हाला पडेल असं वचन मी देणार नाही." मला त्यांचा तो सरळपणा आवडला.

दर पंधरा दिवसांनी बुधवारी टोचणी असे. औषध गोठवलेलं असतं, ते वितळेपर्यंत बाहेर बाकावर बसायचं. तिथेच भूपालअण्णा भेटले. शिरोळ तालुक्यातले शेतकरी, जयसिंगपूरजवळच्या गावचे, जैन, साठीचे. त्यांचा डाग टाचेवर. काटा मोडला असेल म्हणून त्यांनी दोन वर्षं बिब्बा लावला होता. पहिल्या दिवशी त्यांनी अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "बाई, तुमच्यात बी विषाणू सोडला व्हय?" मी शरमेनं अर्धी झाले. तिसऱ्या बुधवारपर्यंत मात्र त्यांच्या आवाजाशिवाय तो बाक मला सुना वाटू लागला होता. घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी ते बळंच माझ्या पिशवीत टाकायचे.

पाचव्या बुधवारी ते आले नाहीत. सहाव्यालाही नाहीत. नर्सला विचारलं तर ती म्हणाली, "दुसऱ्या पेशंटचं मी सांगू शकत नाही हो." तिचं बरोबरच होतं. मी त्यांना फोन लावला. "बाई, मला न्हाय जमायचं आता," एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला. इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस एवढं हळू बोललेला मी पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या दिवशी जाऊन मी तिकीट काढलं.

कोल्हापूर

उतरायचं जयसिंगपूरला होतं. पण तिथे गाडी जेमतेम थांबते. माझा पाय सावकाश टेकतो, आणि दारात पोत्यांची थप्पी होती. मी "उतरायचंय, उतरायचंय" म्हणेपर्यंत फलाट मागे गेला. समोरचे एक गृहस्थ म्हणाले, "असू दे की, पावणं. कोल्हापूर बघून जावा. काय बिघडलं?" पुढे ते माझी बॅग उचलून थेट स्टेशनाबाहेर रिक्षापर्यंत आले.

कोल्हापुरात पहिला तासभर मला वाटत होतं, या गावात सगळे भांडतायत. रिक्षावाला दुसऱ्या रिक्षावाल्यावर ओरडला, तो याच्यावर ओरडला, आणि मग कळलं, माझ्या दुखऱ्या पायाला कोणाची रिक्षा सोयीची यावर ते बोलत होते. आमच्या वर्ध्यात एवढा आवाज चढला की लोक मध्ये पडायला धावतात. इथे कुणी वळूनही पाहत नव्हतं.

लॉजवर पोहोचून अण्णांना फोन केला.

"कोल्हापुरात? कशाला आलासा?"

"देवीच्या दर्शनाला," मी म्हटलं.

ते म्हणाले, "मग आज दर्शन घ्या. उद्या हिकडं या. न्हाय म्हनू नका."

दर्शनाला गेले. चपला काढून फरशीवर चालताना करंगळीच्या जागेचा जुना वण उन्हानं चरचरला, तशी मी एका खांबाला टेकून उभी राहिले. फुलवाल्या बाईनं न विचारता आपल्या परडीखालचं ओलं फडकं काढून माझ्या पायाखाली टाकलं. "हुबं ऱ्हावा तेच्यावर. देवी काय पळून जात न्हाय." मी हसले. रांगेत पुढे सरकताना देवीजवळ काय मागायचं ते मनात जुळवत होते, पण गाभाऱ्यासमोर आल्यावर मागणं काही सुचेना. पोटरीवरच्या सहापैकी चार गाठी सपाट झाल्या होत्या. मी नुसता नमस्कार केला.

मळ्यातली खोली

दुसऱ्या दिवशी एसटीनं जयसिंगपूर. स्टँडवर अण्णांची बायको, पद्मावहिनी, न्यायला आल्या होत्या. उंच, सडसडीत, डोक्यावर पदर, कानात मोठी कुडी. मला त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं, पण माझ्या पायातले मऊ बूट बघून ओळखलं.

"मी आलो न्यायला," त्या म्हणाल्या. बायका इथे सर्रास 'मी आलो', 'मी करतो' म्हणतात. मला गंमत वाटली, आणि आवडलंही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. मधे ढबू मिरचीचे मांडव. आमच्याकडे तिला शिमला मिरची म्हणतात आणि ती बाजारातच भेटते. माती मात्र ओळखीची, आमच्यासारखीच काळी. आमच्याकडे ती पावसाकडे बघत बसते, इथे नदी तिच्या दारात येते. एकच माती पाण्यानं किती वेगळी होते हे मी मुलांना एवढी वर्षं फळ्यावर शिकवलं होतं, पाहिलं मात्र आत्ता.

"अण्णा कसे आहेत?" मी विचारलं.

"घरात न्हाईत," पद्मावहिनी म्हणाल्या. "दीड म्हैना झाला, मळ्यातल्या खोलीत ऱ्हात्यात. जेवन मी नेऊन देतो. आत येऊ देत न्हाईत, भाइर ठेव म्हनत्यात. कुनाशी बोलत न्हाईत. मला वाटलं, दुखनं वाढलं."

"दवाखान्यात का जात नाहीत?"

"इचारलं तर म्हनत्यात, उपेग न्हाय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "बाई, एक इचारू? त्या इषाणूला जीव असतोय व्हय?"

मी म्हटलं, "शास्त्रज्ञांचंसुद्धा यावर अजून एकमत नाही. काही म्हणतात असतो, काही म्हणतात नसतो."

त्यांनी थोडा विचार केला. "मग पाप अर्धंच लागंल," त्या म्हणाल्या, आणि भेटल्यापासून पहिल्यांदाच हसल्यासारख्या दिसल्या.

मळ्यातली खोली म्हणजे मोटारपंपाशेजारची पत्र्याची खोली. अण्णा दारात बाजेवर बसले होते. दाढी वाढलेली, अंग उतरलेलं. मला बघून उठले आणि चार पावलं मागं सरकले.

"लांब बसा बाई. लांब."

"अहो, मला तोच विषाणू टोचलाय. मला काय होणार आहे?"

मी बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसले. त्यांनी धोतर जरा वर घेऊन पाय दाखवला. नडगीवरच्या तीन गाठी पूर्वीपेक्षा मोठ्या, लाल, भोवती सूज. "बघा. वाढल्यात का न्हाईत? आत सोडलेला इषाणू गावभर फिरतोय अंगात. ताप बी आलता."

आयुष्यात मी परक्या पुरुषासमोर साडी घोट्याच्या वर घेतली नव्हती. त्या दिवशी घेतली. पोटरी पुढे केली. चार ठिकाणी नुसते तपकिरी डाग, दोन बारक्या गाठी. मग मोबाईलमध्ये माझ्याच पायाचा सहाव्या आठवड्याचा फोटो शोधून दाखवला. त्यात माझी पोटरी त्यांच्या नडगीपेक्षा वाईट दिसत होती.

"हा माझा पाय," मी म्हटलं. "तेव्हा मीही घरी बसून रडले होते. डॉक्टर म्हणाले, कधीकधी आधी सूज येते आणि मग गाठ बसते. कधी खरंच वाढलेली असते. कोणतं ते तपासल्याशिवाय कळत नाही. तुमचं काय आहे ते मला माहीत नाही अण्णा. पण इथे पंपाशेजारी बसून तुम्हालाही कळणार नाही."

त्यांनी फोटो हातात धरून खूप वेळ पाहिला. मग मोबाईल परत दिला.

"गाठीचं न्हाय बाई," ते म्हणाले. "गाठीला कोन भितंय."

पद्मावहिनी विहिरीकडे भांडी धुवायला गेल्या होत्या. त्या लांब आहेत हे पाहून ते बोलू लागले. चौथ्या टोचणीनंतर ते घरी आले. नातू आदी, नऊ महिन्यांचा, रांगत येऊन मांडीवर चढला. उसाच्या फडात घाम येऊन पायाची पट्टी सुटली होती, ते त्यांच्या लक्षात नव्हतं. पोरानं ओल्या जखमेवर हात ठेवला आणि तोच हात तोंडात घातला.

"दवाखान्यात सांगटलं होतं. जखमेवर पट्टी पायजे, बारक्या पोरास्नी हात लावू द्यायचा न्हाय. मला ठावं होतं. आन् तिसऱ्या दिवशी पोराला ताप. तोंडात फोड. हातावर फोड." त्यांनी उसाकडे तोंड फिरवलं. "बरं झालं पोरगं. पन त्येच्या अंगात तो इषाणू गेला असंल तर? पुढं काय झालं तर? म्या कुनाला सांगटलं न्हाय. हिला बी न्हाय. दवाखान्यात बी न्हाय. कुठल्या तोंडानं सांगू? आपला जीव वाचवायला नातवाला..."

मोटार चालू होती, पाण्याचा आवाज येत होता. मी काय म्हणणार? 'काही होत नाही' म्हणणं सोपं होतं, पण मला ते ठाऊक नव्हतं.

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "पण ज्यांना माहीत असेल त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. आत्ता लावू?"

"शिव्या देतील."

"देऊ देत. खाऊ."

फोन आणि सून

नर्सनं फोन उचलला. मी फक्त "भूपालअण्णांना बोलायचंय" म्हणून मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी अडखळत सगळं सांगितलं. कोणी शिव्या दिल्या नाहीत. दहा मिनिटांनी खुद्द डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी तारीख, ताप, फोड कुठे कुठे होते, सगळं विचारलं आणि म्हणाले, "हे सांगितलंत, फार बरं केलंत. बाळाला मुलांच्या डॉक्टरांकडे दाखवा, हवी ती तपासणी आम्ही सांगतो. त्या वेळी कोणाला दाखवलं होतं का? काही फोटो आहे का?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. माहीत असणार होतं ते सुनेला.

घरी जावं लागणार होतं. अण्णा दीड महिन्यानं आपल्या घराच्या पायरीशी आले आणि तिथेच थांबले. सून, स्नेहल, अंगणात बाळाला पेज भरवत होती. पंचविशीची, शांत, चष्मा लावणारी. अण्णा तिच्याकडे न बघता, अंगणातल्या तुळशीकडे बघत बोलले. सगळं. पट्टी सुटली ते, हात तोंडात गेला ते.

स्नेहलनं चमचा वाटीत ठेवला.

"मामा, मी बघितलं होतं ते," ती सासऱ्यांना म्हणाली.

"काय?"

"मी दारातच होते. लगेच त्याचा हात धुतला, तोंड पुसलं. ताप आल्यावर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांना सगळं सांगितलं, तुमच्या औषधाचंही. ते म्हणाले, हे हात-पाय-तोंडाचे फोड, साथ चालू आहे. आपल्या गल्लीतल्या चार पोरांना झालते. माझ्याकडे फोटो आहेत, कागद आहे."

"मग मला का न्हाय सांगटलं?"

"तुम्ही विचारलं कुठं?" तिचा आवाज चढला. एवढ्या शांत मुलीचा आवाज चढलेला त्या घरानं बहुधा पहिल्यांदा ऐकला. "तुम्ही न सांगता मळ्यात जाऊन बसला. मला वाटलं, मी त्याला तुमच्या मांडीवरनं ओढून घेतलं म्हणून तुम्ही रागावला. मी दीड महिना त्याच विचारात..."

पद्मावहिनी एकदा सुनेकडे, एकदा नवऱ्याकडे बघत उभ्या होत्या. मग त्यांनी अण्णांवर असा काही तोंडाचा पट्टा सोडला की शेजारच्या घरातलं कुत्रं उठून गेलं. कानडीत आणि मराठीत मिळून. मला निम्मं कळलं नाही, पण सगळं समजलं.

फोटो आणि कागद मुंबईला पाठवले. डॉक्टरांनी पुन्हा फोन केला. दिसतंय ते साथीचंच दिसतंय, म्हणाले, तरी खात्रीसाठी बाळाची तपासणी करून घेऊ, आणि अण्णांनी बुधवारी यावं. नवी पट्टी कशी बांधायची, जुनी पिशवीत बंद करून कशी टाकायची, हे स्नेहलनं वहीत लिहून घेतलं. मग अण्णांना आत बसवून ती पट्टी तिनंच बांधली, हातमोजे घालून. अण्णा पूर्ण वेळ मान वर करून आढ्याकडे बघत होते. डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून असावं.

साडेपाचचं जेवण

त्या घरात सूर्यास्ताआधी जेवतात. आमच्याकडे साडेपाच ही चहाची वेळ. भूक नाही म्हणायची सोय नव्हती. पद्मावहिनींनी भरली वांगी, ज्वारीची भाकरी, दही, आणि खपली गव्हाची हुग्गी केली होती. हुग्गी म्हणजे गूळ, नारळ आणि भरडलेल्या गव्हाची दाट खीर, तिच्यावर तुपाची धार. विदर्भात आम्ही वांग्याला तिखटानं रडवतो. इथे तीळकूट-शेंगदाण्यानं त्याला लोण्यासारखं केलं होतं. कृष्णाकाठच्या वांग्याची साल कुठे संपते आणि गर कुठे सुरू होतो ते कळत नाही. मी चौथ्यांदा हुग्गी घेतली तेव्हा अण्णा जुन्या आवाजात गरजले, "वाढ की गं अजून! बाई वर्ध्यासनं आल्यात!"

सगळे एकदम त्यांच्याकडे बघू लागले. तो आवाज घरात परत आला होता.

जेवण झाल्यावर अंगणात बसलो. मी त्यांना विचारलं, "नाही लागू पडलं तर?"

"न्हाय पडलं तर न्हाय पडलं," ते म्हणाले. "पन त्यांच्या वहीत तर लिहून ऱ्हाईल की, ह्या मानसाला असं झालं. म्होरच्याला उपेगी पडंल. आपल्या आधी कुनीतरी टोचून घेतलंच असंल न्हवं? त्येचं नाव बी आपल्याला ठावं न्हाय."

मी त्या नाव माहीत नसलेल्या माणसांचा तोवर कधीच विचार केला नव्हता.

निघताना

सकाळी निघायची तयारी केली तर पद्मावहिनी पाट मांडून उभ्या. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. मी पटकन म्हटलं, "नको वहिनी. माझे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली." आमच्याकडे गेली अकरा वर्षं हळदीकुंकवाला माझ्या दारावरून बायका पुढे जातात. कुणाच्या मनात वाईट नसतं, रीत असते. मीही कधी वाईट वाटून घेतलं नाही, असं स्वतःला सांगत आले.

"बसा," त्या म्हणाल्या.

"अहो, पण..."

"बसा म्हनतो न्हवं." त्यांनी माझे खांदे धरून मला पाटावर बसवलं. "माझं कुकू राखायला तुमी एवढ्या लांबनं आलासा. तुमची वटी न्हाय भरायची तर कुनाची?"

मी पदर पुढे धरला. त्यात पडलेला नारळ जड होता. स्नेहल बाळाला कडेवर घेऊन बघत होती. अण्णा दाराबाहेर उभे राहून विनाकारण मोठ्यानं खाकरत होते.

जयसिंगपूरला गाडीत चढवायला सगळे आले. या वेळी गाडी थांबायच्या आधीच अण्णांनी डब्याचा दरवाजा हेरून ठेवला होता, आणि मी चढेपर्यंत ते गार्डाच्या दिशेनं हात करून ओरडत राहिले.

बुधवारी अण्णा मुंबईत आले. आल्या आल्या डॉक्टरांच्या पाया पडू लागले, तर डॉक्टरांनीच त्यांना धरून बसवलं. बाळाच्या तपासणीत काही निघालं नाही. अण्णांच्या गाठीचा तुकडा काढून तपासला. दोन गाठींत विषाणूचं काम चालू होतं, एकीत नव्हतं. टोचणी पुन्हा सुरू झाली. त्या दोन हळूहळू बसल्या, तिसरी शेवटी कापून काढावी लागली. माझ्या पायावर आता डागच आहेत. पुढच्या तपासणीत काय दिसेल ते आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.

काल त्यांचा फोन आला होता. आदी चालायला लागला. "धरायला गेलो तर हात सोडून पळतंय बघा, बाई!" अण्णा ओरडून सांगत होते. मागून पद्मावहिनी कुणाला तरी दार लाव म्हणत होत्या, स्नेहल हसत होती, आणि इवली पावलं फरशीवर थपथप वाजत होती. फोन ठेवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मीही ठेवला नाही, कानाशी धरून ऐकत बसले.